दोर दिवाणजी धरतील

पौष लागला की हरिपूरच्या बाजूला हळद शिजायला लागते, आणि हळद शिजायला लागली की मला दारूची आठवण येते. प्यावीशी वाटते असं नव्हे. घर सोडून गेलेल्या एखाद्या भांडखोर भाडेकरूची यावी तशी ती आठवण असते. कुठं असेल, सध्या कुणाच्या घरात बिऱ्हाड केलं असेल, एवढीच चौकशी.

शिजत्या हळदीचा वास आधी कडवट येतो, मग मातकट, आणि शेवटी तापातून उठलेल्या माणसानं पहिल्यांदा अंघोळ केल्यासारखा. नदीवरून धुकं येतं, काहिलींवरून वाफ येते, आणि उन्हं वर येईपर्यंत धुकं कुठलं आणि वाफ कुठली ते समजत नाही. मला तर त्याहून बरंच काही समजलेलं नाही. म्हणूनच लिहायला बसलो.

निमित्त झालं यंदाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं. शेजारच्या आक्काताई वाण घेऊन निघाल्या, दारात थबकल्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत मला म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारू? तुम्ही कशानं सोडली हो?"

काय सोडली हे विचारायची गरज नव्हती. आमच्या गल्लीत माझी कीर्ती अजून टिकून आहे.

"आमच्या पोराला, विलासला, तेवढं सांगा. नोकरी गेली, आता बायकोपण माहेरी जाऊन बसलीय. म्हणते, सुटली तर येते, न्हाई तर न्हाई. तुमचं ऐकेल तो."

इतकी वर्षं सोडलेली गोष्ट नेमकी कशानं सुटली, ते मला सांगता येईना. मी म्हणालो, "पाठवा त्याला." मोठ्या माणसांना उत्तर येत नसलं की ती असंच म्हणतात.

*

दुष्काळात रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलोच्या भाकरीचे दिवस नुकतेच सरले होते. मी मूळचा साताऱ्याचा, पण सांगलीत एका हळदीच्या अडतीवर दिवाणजी होतो. दिवाणजी म्हणजे गादीवर बसून लिहिणारा, आणि माझ्या बाबतीत, बसून डुलणारा. सकाळी हात थरथरायचे म्हणून थोडी घ्यायचो. दुपारी सकाळची उतरायची म्हणून घ्यायचो. संध्याकाळी मात्र काही कारण लागायचं नाही.

वास लपवण्यासाठी लोक वेलची खातात, बडीशेप खातात. माझं डोकं त्यांच्यापेक्षा चालायचं. अडतीत हळदीची काय कमी? मी हळकुंड चघळायचो. वास जायचा की नाही देव जाणे, पण ओठ, दात, जीभ, हनुवटी, सगळं पिवळंधमक व्हायचं. आपण किती हुशार, या आनंदात मी दिवसभर सगळ्यांशी हसून बोलायचो. पुढं पुढं असं झालं की माझं तोंड बघूनच हमाल एकमेकांना सांगायचे, "आज बेतानं बोला रं, दिवाणजींस्नी हळद लागलीया." एकदा तर हळदीच्या ढिगावर झोप लागली आणि मी आपादमस्तक पिवळा होऊन घरी गेलो. वाटेत एका म्हातारीनं थांबवून विचारलं, "बाळा, नवरी कुठली रं?" घरी माझी बायको, सुशीला, दारात उभी होती. ती हसली नाही. ती हसायची बंद झाली होती, हे माझ्या लक्षात यायलाच मला वर्ष लागलं.

उपाय पुष्कळ झाले. सुशीलाचे वडील फौजेतून सुभेदार होऊन आलेले. मी त्यांना मामा म्हणायचो. ते मला साताऱ्याला घेऊन गेले. पहाटे उठवून अजिंक्यताऱ्याच्या चढावर पळवायचे आणि मागून ओरडायचे, "जावईबापू, कदम उठाव! शरीर टाइट तर मन टाइट!" दिवसभर असं मला टाइट करून संध्याकाळी ते स्वतः कँटीनची रम घेऊन आरामखुर्चीत बसायचे आणि ग्लास हातात धरून मला संयमावर सांगायचे. मी ऐकायचो. म्हणजे, ग्लासाकडं बघायचो. तिसऱ्या दिवशी मामांची बाटली हलकी लागायला लागली आणि आठवडा संपायच्या आत मी एसटीनं सांगलीला परत आलो, अंग मात्र खरोखर टाइट झालेलं.

मग वाईच्या एका वैद्यांची पुडी झाली. ती चहात घालायची आणि नवऱ्याला कळू द्यायची नाही, असं पथ्य होतं. मला कळलं, कारण चहा हिरवा झाला. मग सुशीलानं संगमावरच्या महादेवाला सोमवार बोलले. ते ती अजून करते आणि अजून म्हणते की सुटली ती सोमवारांनी. मामा जाईपर्यंत म्हणत राहिले की सुटली ती पळण्यानं. वैद्यांनी तर माझं उदाहरण दुसऱ्या गिऱ्हाइकांना सांगायला सुरुवात केली होती. माझ्या एका सुटण्यावर इतक्या जणांची मालकी आहे की मला स्वतःला उभं राहायला जागा नाही.

आणि मला विचाराल, तर मी म्हणेन, दाजिबाच्या दोरानं सुटली. म्हणजे म्हणत होतो. बरीच वर्षं.

*

पेव ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. हरिपूरची माती अशी आहे की तिच्यात दोन-अडीच पुरुष खोल खड्डा घेतला तरी ढासळत नाही. तोंड अरुंद, पोट मोठं, रांजणासारखं. आतून उसाचं पाचट लावायचं, हळद भरायची, तोंड चिखलानं बंद करायचं. वर्ष-दोन वर्षं हळद आत सुखानं निजते, कीड लागत नाही, कारण आत हवाच उरत नाही. आणि ज्या कारणानं कीड मरते त्याच कारणानं माणूसही मरतो. म्हणून पेव उघडलं की ते दिवसभर तसंच ठेवायचं. मग कंदील सोडायचा. कंदील जळत राहिला तर कमरेला दोर बांधून माणूस उतरायचा. हळद वर ओढणारे हमाल वेगळे. हा दोर मात्र एकानंच धरायचा आणि त्यानं दुसरं काही करायचं नाही. खालच्या माणसाचा आवाज ऐकायचा, दोराला ओढ आहे की नाही ते हाताला कळू द्यायचं. कळलं नाही, तर वर आलेला माणूस बोलत नाही.

दाजिबा आमच्या अडतीची पेवं उतरायचा. उंचीनं बेताचा, मिशा पिवळ्या, कानात भिकबाळी. नवी हळद बाजारात यायच्या आत जुनी पेवं रिकामी करायची घाई चालली होती. त्याचा दोर त्याचा पुतण्या धरायचा, तो त्या साली फौजेत भरती झाला. पेवाचं तोंड फोडलं त्या दिवशी शेटजींनी विचारलं, "दाजिबा, उद्या दोर कोण धरणार?"

दाजिबानं तंबाखूची पिचकारी टाकली आणि माझ्याकडं बोट केलं. "दोर दिवाणजी धरतील."

हमाल हसले. अगदी पोट धरून हसले. मीही हसलो. गमतीत मागं राहायचा माझा स्वभाव नाही.

शेटजी म्हणाले, "अरे, त्याला स्वतःचं धोतर धरता येत नाही!"

"धोतराचं मला काय करायचं? जीव माजा हाय. त्यो कुनाच्या हातात द्यायचा ते मी बघतो की."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घेतली नाही. निश्चय वगैरे केला नव्हता. बाटलीचं बूच काढलं आणि हातात दोर आहे असं वाटलं, बूच परत लावलं. आता यातली गंमत बघा. मी घेतली की माझे हात अगदी स्थिर व्हायचे. घेतली नाही की थरथरायचे. म्हणजे दोर धरायला पिऊन गेलो तर हात चांगले पण डोकं कामाचं नाही, आणि न पिता गेलो तर डोकं चांगलं पण हात कामाचे नाहीत. पेवाच्या काठावर उभा राहून मी हा हिशोब जुळवत होतो, तोवर दाजिबा आत गेलासुद्धा.

खालून आवाज आला, "दिवाणजी, दोर का थरथरतुया?"

"थंडी आहे."

"मग घट धरा. ऊब लागंल."

मी घट्ट धरला. घामानं सदरा भिजला, पेवातून जुन्या हळदीचा गरम, कोंदट वास तोंडावर येत होता आणि मला वाटत होतं, खालचा माणूस आणि मी यांच्यात आता दुसरं कुणीही नाही. खाली दाजिबा काहीतरी गुणगुणत होता. ते गुणगुणणं ऐकू येतंय तोवर सगळं ठीक. अचानक ते थांबलं. दोर सैल पडला.

"दाजिबा!"

उत्तर नाही.

"दाजिबा! अरे ओढा! ओढा रे!" मी असा काही ओरडलो की पलीकडच्या मळ्यातली माणसं पळत आली. आम्ही सगळ्यांनी मिळून दोर ओढला. दाजिबा घागरीसारखा भराभर वर आला, तोंड पिवळं, डोळे मोठे, एका हाताची मूठ मिटलेली.

"आरं, काय आग लागली का काय?" तो हवेत लोंबकळत ओरडत होता. "तंबाकू मळत हुतो न्हवं! समदी सांडली की!"

त्या दिवशी हमाल पुन्हा हसले. संपूर्ण मोसमात मी दाजिबाला असा कितीतरी वेळा विनाकारण वर ओढला. शिंक आली म्हणून ओढला, खोकला म्हणून ओढला, एकदा तर तो शेटजींना शिव्या देत होता आणि मला नीट ऐकू आलं नाही म्हणून ओढला. तो दर वेळी वर यायचा, माझ्या सात पिढ्या काढायचा आणि परत कमरेची गाठ तपासून मलाच दोर द्यायचा.

त्या पहिल्या दिवशी मी घरी गेलो तेव्हा संक्रांत जवळ आली होती. सुशीला तीळ भाजत होती. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि बघतच राहिली. तीळ करपले.

*

सुटली म्हणजे काय सरळ सुटली नाही. माघात कुठल्याशा जत्रेत जुने दोस्त भेटले, पाठीवर थापा पडल्या, आणि सकाळी मी पेवावर गेलो तो हळकुंड चघळतच. इतक्या अनुभवानंतरही हुशारी गेली नव्हती.

दाजिबानं माझ्या तोंडाकडं एकदा पाहिलं. कमरेचा दोर सोडला, त्याची वळी करून माझ्या पायाशी ठेवली आणि पेवाच्या काठावर पाय सोडून बसला.

"उतरायचं नाही?"

"आज न्हाई."

हमाल खोळंबले होते. एक जण म्हणाला, "दाजिबाकाका, आण हिकडं, दोर मी धरतो."

"दोर दिवाणजींकडं हाय," एवढंच तो म्हणाला.

आम्ही ऊन तापेपर्यंत तसेच बसलो. तो मला रागावला असता तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसांची मला सवय होती, त्यांच्याशी कसं वागायचं ते मला पाठ होतं. पण हा बाबा नदीकडं बघत विडी ओढतोय, मधूनच मलाही देतोय, चिंचेच्या झाडावरच्या पोपटांबद्दल बोलतोय. शेटजी आले, ओरडले, गेले. दुसऱ्या दिवशी मी कोरडा गेलो. त्यानं मुकाट्यानं दोर बांधला आणि उतरला.

तो माझा शेवटचा पिवळा दिवस.

*

बरीच वर्षं मी ही गोष्ट मनात देव्हाऱ्यासारखी जपली. एका माणसानं, साऱ्या जगानं ओवाळून टाकलेल्या माणसावर विश्वास ठेवला, वगैरे. कधी फार वाईट दिवस आले, पाय दारूच्या दुकानाकडं वळले, की मी तो दोर आठवायचो आणि घरी यायचो. मग एकदा, दाजिबा थकून घरी बसला होता तेव्हा, त्याला धोतरजोडी घेऊन गेलो. ओट्यावर त्याच्या शेजारी बसलो आणि गहिवरून विचारलं, "दाजिबा, एक सांग. त्या दिवशी तू दोर मलाच का दिलास?"

त्यानं आठवत आठवत धोतरजोडी मांडीवर घेतली. मग म्हणाला, "आवं, दुसरं कोन हुतं तितं? समदी बुधगावला लग्नाला गेलती."

"अरे, पण सगळे हसले होते!"

"कोन हासंल? कोन नव्हतंच की. तुमी लय पीत हुता तवा, तुमास्नी काय आठवतंय?"

हे मात्र बिनतोड होतं. त्या दिवसांतल्या माझ्या आठवणींची हमी मी स्वतः देत नाही.

"आणि माघात? तू उतरला नाहीस त्या दिवशी?"

"गुडगं धरलं हुतं माजं. लय दुकायचं तवा."

तो धोतराचा पोत बोटांनी चाचपत होता. म्हणजे ज्या दोराला धरून मी एवढी वर्षं वर आलो, त्याचं वरचं टोक कशालाच बांधलेलं नव्हतं? लग्न आणि गुडघा? परत येताना वाटेत दुकान होतं. मी समोर थांबलो. आता न पिण्याला काय आधार, असा विचार केला. मग पिण्याला तरी काय आधार, असा केला. दुकानदार म्हणाला, "काय पाहिजे, काका?" मी शेजारच्या टपरीवरून भडंग घेतलं आणि घरी आलो. का आलो, ते आजही विचारू नका.

हे मी सुशीलाला कधी सांगितलं नाही. फजिती सांगायला मी लाजत नाही, पण ही फजिती जरा आतली होती.

*

तर विलास आला. पायरीवर बसला, नजर चपलांवर. बटणं खालीवर लागलेली. आतल्या चौकटीशी सुशीला उरलेल्या तिळातले खडे निवडत होती. मी बोलायला सुरुवात केली. मामांचं पळणं, वाईची पुडी, सोमवार, दोर, आणि मग, सुरुवात केलीच आहे तर, बुधगावचं लग्न आणि दाजिबाचा गुडघा हेही सांगून टाकलं. मध्येच मनाचा निग्रह म्हणालो, मध्येच मनाचं काही खरं नसतं म्हणालो.

विलासनं पहिल्यांदा मान वर केली. "काका, म्हणजे नक्की कशानं सुटली?"

"मला काय माहीत!"

तो हसला. आवाज न करता, पण हसला.

तेवढ्यात आतून सुशीला म्हणाली, "अहो, बुधगावला कुणाचं लग्न होतं म्हणाले दाजिबाकाका?"

"कुणाचं का असेना. सगळे हमाल गेले होते."

"तुम्ही पहिल्यांदा शुद्धीवर घरी आलात तो दिवस ना? माझे तीळ करपले तो?"

"तोच."

ती सूप खाली ठेवत म्हणाली, "मग पौषात कोण लग्न करतंय हो आपल्याकडं?"

विलासनं माझ्याकडं पाहिलं. काहिलींकडून तो वास येत होता. पौषात आमच्याकडं कुणी मुलगी बघायलासुद्धा जात नाही, लग्न कुठलं! म्हणजे हमाल होते. हसले होते. मग त्या म्हाताऱ्यानं मला खोटं का सांगितलं? माझ्या मानेवर उपकाराचं ओझं नको म्हणून? की त्याला खरंच आठवत नव्हतं? की लग्न खोटं आणि गुडघा खरा? दाजिबा आता नाही. महापुरात पेवंही बहुतेक ढासळली. विचारायचं कुणाला, आणि कुठं वाकून?

माझ्या तोंडून काय निघालं, तर, "विलास, उद्या सकाळी ये. गच्चीवरची टाकी बघायचीय मला. शिडी धरशील?"

"या वयात शिडी?" सुशीला म्हणाली. "आणि टाकीला काय धाड भरलीय?"

टाकीला काही झालेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी विलास आला. मी चढलो. चार पायऱ्या चढल्यावर शिडी थरथरायला लागली. वर चढलेल्या माणसाला शिडी धरणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, फक्त टाळू दिसते आणि दोन हात. दाजिबाला खालून माझं काय दिसत असेल? हे मला त्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं, की ज्याचा जीव दुसऱ्याच्या हातात असतो तो किती घाबरलेला असतो.

"विलास, शिडी का हलतेय रे?"

"थंडी आहे, काका."

शिडी तो हलवत होता की माझेच पाय, हेही मला कळेना.

असे काही दिवस गेले. टाकी इतक्या वेळा बघितली की तिचा तळ मला पाठ झाला. परवा सकाळी विलास आला तो तोंडात वेलची घोळवत. डोळे तांबारलेले. शिडी त्यानंच कोपऱ्यातून आणली, भिंतीला टेकवली आणि दोन्ही हातांनी धरून माझी वाट बघत उभा राहिला. दारामागून सुशीला मला मानेनं नाही नाही करत होती.

रागावलो असतो, पण रागावणं त्याला पाठ असणार. मी दाराच्या पायरीवर बसलो.

"चढायचं नाही, काका?"

"आज नको," मी म्हणालो. "गुडघा धरलाय माझा."

बोललो आणि तोंडावर हात ठेवला. माझे दोन्ही गुडघे ठणठणीत होते.

विलासनं मान खाली घातली. पिंपळावर पोपट कलकलत होते. मी त्याला पोपटांबद्दल काहीतरी सांगायला लागलो, काय सांगितलं ते आठवत नाही. ऊन चांगलं वर आलं, काहिलींची वाफ विरली, सुशीलानं दोन कप चहा आणून ठेवला, तोही निवला. शिडीवर कुणी नव्हतं. तरी त्यानं ती सोडली नाही.